तिसरा स्टड

गैबी मिस्त्रीच्या हाताला माप आहे, असं कोल्हापुरात मोटारीशी ज्यांचा संबंध यायचा ते सगळे म्हणत. नट किती आवळायचा हे त्याचं कोपर ठरवायचं. नट बसत आला की कोपरात ताण यायचा आणि तो तिथंच थांबायचा. पान्ह्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावणाऱ्यांना तो हसायचा. ‘‘नळी घालून आवळायचं असंल तर माणूस कशाला, रेडा आणा की,’’ म्हणायचा.

शाहू महाराजांच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं. दरबारच्या गाड्या सोडल्या तर गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली एक गुळाचे व्यापारी आण्णा यांची. बेळगावच्या कुणा साहेबाकडून घेतलेली, हिरव्या रंगाची, लांबलचक, उघडी गाडी. तिच्यासाठी आण्णांनी वखारीच्या मागं पत्र्याची शेड घातली आणि गिरणीत वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्या गैबीला तिथं बोलावून घेतलं. गैबीचा बाप बंदुकांचे घोडे आणि कुलपं दुरुस्त करायचा. लोखंडाची समज घरातच होती. वर्षभरात गैबीनं ती मोटार तीनदा पूर्ण खोलून पूर्ण जोडली.

गाडी चालवायला कोडोलीचा जोतीराम होता. गैबीहून वीस वर्षांनी लहान, सडसडीत, हसरा. गावातल्या गल्लीतून हॉर्न वाजवत जाताना त्याचा चेहरा नवरदेवासारखा व्हायचा. गैबीला तो चाचा म्हणायचा. मोटारीत बसण्यापूर्वी रोज शेडच्या दारात उभा राहून विचारायचा, ‘‘चाचा, निघू न्हवं?’’ आणि गैबीनं मान हलवल्याशिवाय हँडल मारायचा नाही.

त्या वर्षी दसऱ्याला आण्णांचे व्याही कोडोलीहून कोल्हापूरचं सीमोल्लंघन बघायला यायचे होते. आण्णांच्या लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच दसरा. आण्णांनी निरोप धाडला होता की बैलगाडीनं येऊ नका, मोटार पाठवतो. त्यासाठी गैबीनं आठवडाभर आधी इंजिन खोललं. इंजिनाच्या ठोकळ्यावर लोखंडी झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ठोकळ्यातून पंधरा आटेदार दांड्या वर आलेल्या असतात, ते स्टड. हेड त्यांच्यावर बसवायचं आणि वरून नट आवळायचे. हेड आणि ठोकळा यांच्यामध्ये तांब्याचं पॅकिंग. आत एकीकडं जाळ, एकीकडं पाणी, आणि त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं काम ह्या पंधरा नटांचं.

गैबीनं हेडमधली काजळी खरवडली, सगळं पुसून-पासून अष्टमीच्या दुपारी हेड परत चढवलं. नट आवळत आला. रेडिएटरकडून तिसरा नट काही बसेना. आवळावा तसा तो फिरत होता, पण कोपरात ताण येत नव्हता. ओल्या दोरीला पीळ घालावा तसा मऊ लागत होता. गैबीला कळलं. स्टड आतल्या आत ताणला होता. हेड उतरवून तो काढायचा, दुसरा कातायचा, मगच पुढं जायचं. त्यानं पान्हा खाली ठेवला.

तेवढ्यात आण्णा शेडमध्ये आले. पान खात, धोतराचा सोगा हातात धरून. ‘‘मिस्त्री, झालं का न्हाय अजून? सकाळपासनं तितंच हाईस की.’’

‘‘एक नट बसंना, आण्णा. हेड पुन्यांदा उतरावं लागंल.’’

‘‘पुन्यांदा?’’ आण्णांनी गैबीच्या दंडाकडं बघितलं. ‘‘घरात तुज्या लालबीनं आज भाकरी वाडली न्हाय जणू. एक नट दाबंना व्हय तुझ्यानं? परवा दसरा हाय. माजा व्याही वाट बघत बसंल आन् तू उतरव-चडव करत बस.’’

ते हसले आणि निघूनही गेले. बोलण्यात राग नव्हता. ते सगळ्यांशीच असं बोलत. पण ‘तुझ्यानं’ हा शब्द गैबीच्या मनात खड्यासारखा राहिला. तो मग कोपऱ्यात गेला. तिथं पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा पडला होता. तो त्यानं पान्ह्याच्या दांड्यावर चढवला. आयुष्यात पहिल्यांदा.

भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच आवाज झाला. पान्हा एकदम हलका झाला. स्टड ठोकळ्याच्या तोंडाशी तुटला होता. वरचा तुकडा नटासकट गैबीच्या हातात आला आणि खालचा बुडखा ठोकळ्यात आटे धरून बसला.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

बुडखा काढायची रीत गैबीला माहीत होती. त्याच्या बरोबर मध्यावर खूण करायची, हाताच्या गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात चौकोनी निमुळती पोलादी मेख ठोकायची आणि घासलेट सोडत सोडत उलटी फिरवायची. भोक केसभर वाकडं गेलं तर ठोकळा वाया. एका दिवसाचं काम, आणि दिवसाउजेडी करायचं. उन्हं तर कलली होती. उद्या खंडेनवमी. खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नाही, हे गैबीच्या घरात बापापासून चालत आलं होतं. बाप म्हणायचा, वर्षभर आपण त्यांना राबवतो, एक दिवस त्यांनाही बसू दे. ईद पाळावी तशी ही रीतही त्या घरानं पाळली. तीस वर्षांत गैबीनं त्या दिवशी हातोडीसुद्धा उचलली नव्हती.

उद्या हात लावता येत नाही आणि परवा मोटार पाहिजे. गैबीनं स्वतःला असंच सांगितलं.

मग त्यानं जे केलं ते करताना हात एकदाही थरथरला नाही, याचंच त्याला पुढं फार वाटायचं. त्यानं तुटलेला तुकडा परत हेडच्या भोकात सोडला. हलू नये म्हणून भोवती शिशाची पातळ पट्टी ठोकून बसवली. वर वॉशर, वर नट. शेजारचे दोन नट किंचित जास्त आवळले. फडक्यानं पुसलं. पंधरा नट एका रांगेत चमकत होते. कोणता खोटा हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. दसरा पार पडला की दुसऱ्या दिवशी हेड उतरवू, बुडखा काढू, कुणाला पत्ता लागणार नाही. रस्ता तरी किती, कोडोलीपर्यंत जायचं आणि यायचं. मोटार सुरू करून बघितली. जागेवर गुरगुरत छान चालली.

नवमीला शेडमध्ये फळीवर लाल कापड घालून पान्हे, कानशी, गिरमिट, हातोड्या मांडल्या. आण्णांच्या घरच्या बायकांनी हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, मोटारीला झेंडूची माळ घातली. बॉनेट उघडून इंजिनालाही कुंकवाची बोटं लावली. एक बोट नेमकं त्या तिसऱ्या नटावर पडलं. गैबी मान खाली घालून उभा होता. जोतीराम त्याच्या कानाशी म्हणाला, ‘‘चाचा, उद्या माज्या गावात मोटार न्यायची. आईला दावणार हाय मी.’’

दसऱ्याच्या सकाळी जोतीराम फेटा बांधून आला. दारात उभं राहून रोजच्यासारखं विचारलं, ‘‘चाचा, निघू न्हवं?’’

गैबीच्या जिभेवर आलं होतं. ‘‘जरा बेतानं चालव,’’ एवढंच तो म्हणाला.

‘‘तुमच्या हातची मोटार हाय. बेत कसला?’’

गैबीनं मान हलवली. जोतीरामनं हँडल मारलं.

संध्याकाळी सगळं गाव सोनं लुटून परतत होतं तरी मोटार आली नव्हती. व्याह्यांचा गडी घोड्यावरून सांगावा घेऊन आला. माणसांनी भरलेली मोटार वाघबिळाच्या चढावर वाफ सोडत बंद पडली. रेडिएटरचं टोपण उडालं, आत पाण्याचा थेंब नव्हता. व्याह्यांची म्हातारी आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली आणि तिथूनच सगळे माघारी फिरले. सीमोल्लंघन चुकलं ते चुकलंच. दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्या लावून मोटार कोल्हापुरात आणली. रस्त्यात माणसं कडेला उभी राहून म्हणत होती, ‘‘आण्णांची मोटार लई झ्याक पळतीया, वैरण कुटली घालता?’’

तिसऱ्या दिवशी गैबीनं हेड उतरवलं. समोर आण्णा कमरेवर हात ठेवून, बाजूला जोतीराम. गैबीनं पहिल्यांदा तिसरा नट काढला, तुकडा मुठीत घेतला आणि फडकं उचलायच्या निमित्तानं खिशात टाकला. पॅकिंग बरोबर त्या जागी जळून काळं पडलं होतं. जाळ तिथून पाण्यात शिरला होता, पाणी उकळून टोपणातून उडून गेलं होतं आणि कोरडं इंजिन तसंच चालत राहून हेडला बोटभर तडा गेला होता. गैबीला सगळं कागदावर लिहिल्यासारखं दिसत होतं. चौदाच स्टड उभे आहेत हे कुणी मोजलं नाही, बाकीच्यांना तडा तेवढा दिसत होता.

‘‘पाण्याबिगर चालवली न्हवं?’’ आण्णांनी विचारलं.

‘‘पाणी संपल्यावर तापलीया,’’ गैबी म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

आण्णा जोतीरामकडं वळले. ‘‘कोडोलीतनं निघताना पाणी घातलंवतंस?’’

‘‘घातलंतं की. हिरीवर दोन बादल्या...’’ जोतीराम थांबला. ‘‘एक तर नक्की घातली, आण्णा. दुसरी भरून ठेवलीती. तेवढ्यात आई आरती घिऊन आली. मोटारीला ववाळलं, मला ववाळलं. समदं गाव जमलंतं. मग दुसरी वतली का न्हाय...’’ तो गैबीकडं बघू लागला, जणू गैबी तिथं हजर होता आणि त्यालाच ठाऊक असणार. ‘‘मला आठवंना.’’

‘‘आरती ववाळून घ्याला पाठवलंतं व्हय तुला?’’ आण्णांचा आवाज चढला. ‘‘व्याह्यांची म्हातारी माणसं उन्हात बसली. माज्या तोंडाला काळं फासलंस. उद्यापासनं यिऊ नगंस.’’

जोतीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि गैबीसमोर येऊन म्हणाला, ‘‘चाचा, तुमी येवडी चांगली करून दिलती. मी घालवली.’’

गैबी पॅकिंग खरवडत राहिला.

पुढचे दोन दिवस त्यानं तो बुडखा काढण्यात घातले. भोक बरोबर मध्यावर पडलं, मेख धरली, बुडखा हळूहळू फिरत वर आला. ठोकळ्याला ओरखडासुद्धा नाही. इतकं नीट काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. नवा स्टड कातून बसवला. मुंबईहून हेड यायला माघ उजाडला. मोटार पुन्हा पळायला लागली आणि आण्णा चारचौघांत सांगू लागले, ‘‘डायवरनं मारलीती, मिस्त्रीनं जित्ती केली.’’ ते ऐकलं की गैबी शेडच्या मागं जाऊन उगाच हात धुवायचा.

जोतीरामला गावात दुसरी मोटार मिळाली नाही. पाणी घालायला विसरणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. तो कोडोलीला जाऊन थोरल्या भावाच्या शेतात राबू लागला.

गैबीच्या बायकोला, लालबीला, तो तुकडा त्याच्या धुवायच्या कोटात सापडला. हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं मिळून तिला तुटलेलं लोखंड ओळखायला शिकवलं होतं. ‘‘हे वढून तुटलंय,’’ ती म्हणाली.

गैबीनं तिला सगळं सांगितलं. नवमीचंही सांगितलं, हत्यारांना हात लावता आला नाही, हे जरा जोर देऊन सांगितलं.

‘‘हत्याराला हात लावायचा न्हवता,’’ लालबी म्हणाली, ‘‘जिभंला कुनी कुंकू लावून बसवलंतं?’’

गैबी फक्त ‘सांगतो,’ म्हणाला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दुसरा दसराही आला. नवमीला फळीवर हत्यारं मांडताना त्याला वाटलं, ही सगळी आपल्याकडं बघताहेत. त्यानं कापडाचं टोक त्यांच्यावर ओढून घेतलं. आण्णांच्या घरच्या बायका हसल्या. म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, पूजा कशी करायची झाकून ठेवल्यावर?’’

त्यानंतर महिन्याभरानं चंदगडचा एक लाकडाचा ठेकेदार शेडवर आला. केरबा त्याचं नाव. धिप्पाड, पायात चिखलाचे जोडे. त्यानं मोटार घेतली होती. ‘‘पावणं, तुमच्या हितला कोन जोतीराम हाय, त्यो मोटार लई चांगली चालवतो म्हनत्यात,’’ तो म्हणाला. ‘‘पर पाणी इसरतो म्हनं. आमचा रस्ता समदा डोंगराचा. खरं काय ते सांगा.’’

‘‘इसरत न्हाय,’’ गैबी म्हणाला. ‘‘कदीच इसरला न्हाय. त्येलाच घ्या. मी सोता जाऊन निरोप देतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोडोलीला जाणाऱ्या बैलगाडीत बसला. वाटभर त्यानं मनात ठरवलं होतं की नोकरीचं सांगायचं, जोतीराम हसेल, चंदगडला जाईल, त्याचं भलं होईल आणि मग ते दुसरं सांगायची गरजच राहणार नाही. वाघबिळाच्या चढावर गाडीवान बैलांना दम द्यायला थांबला तेव्हा गैबी खाली उतरला नाही, दुसरीकडं बघत बसला.

जोतीराम घरासमोर ओट्यावर बसून दोर वळत होता. चाचाला बघून उठला, घोंगडं अंथरलं. आत त्याची आई चिमणाबाई चुलीपुढं होती. गैबीनं केरबाचा निरोप सांगितला. जोतीरामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘‘माज्यानं हुयाचं न्हाय, चाचा.’’

‘‘का रं?’’

‘‘मला माजाच भरवसा न्हाय. बैलांना पाणी दावतो आन् पुन्यांदा जाऊन बगतो, दावलं का न्हाय. दारं धराया गेलो तर मोट सोडली का, इचारत बसतो. भाऊ हसतो. त्या दिशी दुसरी बादली मी वतल्यावानी बी आठवतं आन् न वतल्यावानी बी आठवतं. डोंगरात मानसं भरून न्यायची म्हंजे... न्हाय चाचा. दुसरं कुनीतरी बगा म्हनावं.’’

तो हे अगदी साधेपणानं सांगत होता, आपल्याला अमुक रोग आहे असं सांगावं तसं. आतून चिमणाबाई म्हणाली, ‘‘त्येचं काय न्हाय. माजंच चुकलं. येवडी घाईत आरती कशाला घिऊन गेले मी? तवापासनं कुनालाबी ववाळलं न्हाय मी. बगा, नातवाचं बारसं झालं, तवाबी न्हाय.’’

गैबीला वाटलं होतं, आपण एका माणसाचं काम तेवढं हिरावलंय. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, न पिता खाली ठेवला.

‘‘जोती, दुसरी बादली तू वतलीवतीस.’’

‘‘तुमाला काय ठावं, चाचा?’’

‘‘पाणी कमी न्हवतं. पाणी उडून गेलं. हेडचा स्टड तुटलावता. अष्टमीला माज्याच हातनं तुटला. नळी लावून आवळलाता मी. त्यो तुकडा वर नुसता ठेवून दिला आन् नट बसवला. तुला म्हाईत असायचं कारनच न्हाय.’’

दोर जोतीरामच्या मांडीवरून घसरून खाली पडला. ‘‘कितवा?’’

‘‘रेडिएटरकडनं तिसरा.’’

‘‘तिसरा.’’ जोतीराम म्हणाला. त्याची बोटं हवेत काहीतरी मोजत होती. ‘‘म्हंजे चडाला लागल्यावर पॅकिंग गेलं. म्हनून आदी फुसफुस आली आन् मग वाफ. मी म्हनत हुतो, पाणी कमी असतं तर आदी ठोका आला असता... म्हंजे मी वतलीती.’’

‘‘वतलीतीस.’’

‘‘आई,’’ जोतीराम आत वळून म्हणाला, ‘‘मी वतलीती दुसरी बादली.’’ त्याचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं. मग ते हसू हळूहळू गेलं. त्यानं गैबीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच चाचा न म्हणता बोलला. ‘‘हेड उतरवलं त्या दिशी मी तुमच्या म्होरं हुबा हुतो.’’

‘‘व्हय.’’

‘‘खिशात घातलासा न्हवं काय तरी? मला वाटलं फडकं.’’

‘‘त्योच तुकडा.’’

चिमणाबाई उंबऱ्यावर येऊन बसली होती. पदरानं हात पुसत तिनं गैबीला न्याहाळलं. तिला त्याचे पांढरे केस दिसले, काळी नखं दिसली. तिचा आवाज मऊ होता. ‘‘पावणं, नवमी आडवी आली व्हय? हत्याराला हात लावायचा न्हवता म्हनून तसंच ऱ्हायलं?’’

तिनं सुटकेचं दार उघडून दिलं होतं. गैबीनं नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी म्हातारीनं ते मानलं असतं. तिच्या घरात तीच रीत होती. वर्षभर तो स्वतःला हेच सांगत आला होता.

‘‘न्हाय आक्का,’’ तो म्हणाला. ‘‘नवमीला हात लावला असता तरी हत्यारांनी काय मला खाल्लं नसतं. आन् हात न लावताबी तोंडानं सांगता आलं असतं. आण्णा म्हनाले तुज्यानं हुईना व्हय, त्येची लाज वाटली. नळी लावली. मग तुटल्याची लाज वाटली. नवमीचं नाव मी मागनं घेतलं.’’

चिमणाबाईनं मान डोलावली. मऊपणा तिच्या आवाजातून गेला. ‘‘मग आमच्या पोराला वरीसभर का जाळलंसा?’’

गैबी घोंगड्यावरून उठला.

‘‘पाणी प्या आन् जावा,’’ जोतीराम म्हणाला. ‘‘आण्णांना सांगा. मी यायच्या आदी सांगा. केरबाला म्हनावं, सोमवारी येतो.’’

गैबी दुसऱ्या दिवशी आण्णांच्या गादीसमोर उभा राहिला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. नोकरी जाणार अशी त्याची खात्री होती, आणि जावी असंच त्याला वाटत होतं. आण्णांनी चष्मा काढून पुसला. ‘‘आता कशाला सांगतोस?’’ ते म्हणाले. ‘‘व्याह्याला काय सांगू मी? डायवरला फुकट हाकलला? मोटार चालतीया न्हवं? जा, कामाला लाग.’’ दुसरा मिस्त्री कोल्हापुरात नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आण्णांनी व्याह्यांना काही सांगितलं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी गैबीच कोडोलीला गेला आणि व्याह्यांच्या ओसरीवर बसून, आल्या-गेल्यांच्या देखत, तीच गोष्ट पुन्हा सांगून आला. ऐकणाऱ्यांपैकी एक जण हसला.

जोतीराम चंदगडला चांगला रमला. तिकडच्या डोंगरात, पावसात त्यानं केरबाची मोटार पुढं पुष्कळ वर्षं चालवली. महिन्या-दोन महिन्यांनी तो कोल्हापुरात यायचा. शेडवरून जाताना वेग कमी करायचा नाही आणि हॉर्नही द्यायचा नाही. इंजिन खोलायची वेळ आली की मोटार तो बेळगावला न्यायचा, तिथला फिटर गैबीच्या निम्म्यानंही हुशार नसताना.

गैबीला ते रास्त वाटायचं. तरी रस्त्यावर ती मोटार वाजली की तो हातातलं काम थांबवून कान द्यायचा. चारी सिलिंडर सारखे बोलताहेत ना, कुठं फुसफुस तर नाही ना, एवढं ऐकायचा. आवाज लांब गेला की पुन्हा पान्हा उचलायचा आणि कोपरात ताण यायच्या किंचित आधीच थांबायचा. त्याच्या हातचे नट आताशा जरा सैल असतात, असं लोक म्हणू लागले होते.